तीन गाठींची वायर

"हॅलो?… कोण?… जरा मोठ्याने बोला, इथे ग्राइंडर चालू आहे… थांबा, बंद करतो… हं, बोला आता. कोण बोलतंय?"

धाकट्या मिस्त्रीने फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला होता. समोर बाकावर कुणाच्या तरी गाडीचा सेल्फ-स्टार्टर उघडून पडला होता आणि दोन्ही हात ग्रीसने बरबटले होते.

"…वहिनी?"

हातातला स्क्रू बाकाखाली गेला. एरवी त्याने दुकान डोक्यावर घेतलं असतं, स्क्रू सापडेपर्यंत कुणाला बसू दिलं नसतं. आता त्याने खाली बघितलंसुद्धा नाही. सहा वर्षांत हा आवाज त्याच्याशी बोलला नव्हता; शेवटचा ऐकला होता तो दीड महिन्यापूर्वी, थोरला भाऊ गेला त्या दिवशी, आणि तोही लांबून. तेव्हा गर्दीत मागच्या मागे उभा राहून, कुणाशी एक शब्द न बोलता, हा बहाद्दर चपला घालून परत आला होता.

"हो, हो, मीच… नाही, नंबर नव्हता माझ्याकडे हा… नाही हो, कामात कसला, रिकामाच आहे… बोला ना… रडू नका. वहिनी, आधी काय झालं ते सांगा… गाडी?… दादाची गाडी?"

एकेकाळी त्या भागात गाडीची वायरिंग म्हटलं की लोक दोनच नावं घ्यायचे, थोरला मिस्त्री आणि धाकटा मिस्त्री. एकच दुकान, एकच बाक. थोरला अबोल आणि धाकटा तोंडाळ. गिऱ्हाईक धाकट्याशी गप्पा मारायचं आणि गाडी मात्र थोरल्याच्या हातात द्यायचं. मग ते दुकान बंद पडलं. थोरला एका कंपनीत यंत्रावर देखरेखीला लागला, कंपनीच्या खोलीत राहायला गेला, आणि धाकट्याने दूर दुसऱ्या रस्त्यावर हे खोपट टाकलं. भांडले असतील, लोक म्हणाले. भावाभावांत व्हायचंच.

"सावकाश सांगा… खोली आजच सोडायची?… पाच वाजेपर्यंत. आणि सामान?… ते टेम्पोने पुढे गेलं, बरं. मग राहिलं काय… कोण आलंय?… क्रेन? कंपनीनेच पाठवली?… म्हणजे चालती असेल तर तुम्ही घेऊन जा, नाहीतर ते उचलून भंगारात टाकणार. असं म्हणतोय तो?… किती वेळ दिलाय?… अर्धा तास."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाचार झाले होते. थोरल्याचं राहतं घर कंपनीचं, यंत्र कंपनीचं. त्याचं म्हणून उरलेलं एवढंच होतं, ती गाडी. जिची एक-एक वायर त्याने स्वतःच्या हाताने ओढली होती.

"मी येऊ?… अहो, यायला मला तास लागेल, तोवर तो घेऊन जाईल… नाही, त्याच्याशी भांडू नका, त्याचं काम आहे ते. आपण फोनवरच बघू. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा… बसलात?… फोन स्पीकरवर टाका आणि बाजूच्या सीटवर ठेवा… हं. चावी फिरवा… काय होतं?… काहीच नाही म्हणजे? टक्‌ असं वाजतं का पुढून?… तेही नाही. समोरचे लाल दिवे?… नाही. बरं. आता हॉर्न दाबा."

फोनमधून असा काही हॉर्न आला की धाकट्याने फोन कानापासून लांब धरला. हा आवाज त्याला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. त्या हॉर्नसाठी दोघे भाऊ अख्खी दुपार भंगारात फिरले होते.

"ऐकला. अहो, बॅटरी मेलेली नाही, ठणठणीत आहे… नवी बसवली? कोणी?… दोन जण येऊन गेले? बरं, पहिल्याने बॅटरी बदलली, आणि दुसऱ्याने?… दोन तास खाली डोकं घालून बसला. आणि म्हणाला काय?…" तो हसला, दीड महिन्यात पहिल्यांदा असेल. "सगळ्या वायरी काळ्याच आहेत म्हणून वैतागला. वैतागणारच. तिसऱ्या माणसाला ती गाडी कशी कळणार, वहिनी? दादाने मुद्दामच केलंय तसं. एकाच रिळातली काळी वायर, सगळीकडे."

तेवढ्यात दुकानाच्या दारात एक रिक्षावाला डोकावला. धाकट्याने त्याला ग्रीसच्याच हाताने उद्या ये अशी खूण केली आणि पायाने दार लोटलं.

"हॉर्न वाजतोय, म्हणजे करंट आहे. चावीच्या पुढे काही जात नाही, म्हणजे मधे कुठेतरी वाट अडवलीय. आणि दादाची गाडी आहे… वहिनी, चोरबटण कुठेय?… चोरबटण हो. लपवलेलं बटण. ते दाबल्याशिवाय गाडी चालू होत नाही… तुम्हाला सांगितलं नाही?… अहो, पण तुम्ही गाडी चालवायचात ना?… फक्त रविवारी. तो बाजूला बसायचा. हं… मग तो कधीतरी कुठे हात घालायचा का? तुम्ही चावी लावायच्या आधी?… आठवा. स्टेअरिंगखाली?… डॅशबोर्डच्या कप्प्यात?… नाही… घाई नका करू. रविवार सकाळ आहे, तुम्ही बसलात, तो बसला, दार लावलं. मग काय करायचा?"

 पलीकडून जे आलं ते ऐकताना धाकट्याचा चेहरा उतरत गेला.

"…वाकायचा?… पायाशी. चपलेचा पट्टा सारखा करायचा… दर वेळी? आणि तुम्ही काय म्हणायचात?… 'नवी चप्पल का घेत नाही एकदाची.'" तो स्टुलावर बसला. "त्याची चप्पल चांगलीच होती, वहिनी. तुम्ही बाजूच्या सीटखाली हात घाला. पुढून नाही, दाराच्या अंगाने. सीटच्या लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूला… लागलं काही?… बोटाएवढं?… तेच ते."

आता यात चेहरा उतरण्यासारखं काय होतं, तर ही जागा धाकट्याची होती. चोर ड्रायव्हरच्या बाजूला शोधतो, तेव्हा बटण बाजूच्या सीटखाली हवं, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. थोरला दर वेळी हसायचा. रोज कोण एवढं वाकणार, तुझं डोकं म्हणजे उलट्या चपला, असं म्हणायचा. आणि वेगळे झाल्यावर, स्वतःच्या गाडीत, त्याने ते नेमकं तिथेच बसवलं होतं. रोज वाकत होता.

"काही नाही, काही नाही… ऐकतोय मी. धूळ गेली डोळ्यात. दाबा ते बटण. आता चावी, अर्धीच फिरवा, पुढे नको… लागले दिवे?… सगळे?… शाब्बास. थांबा, लगेच… वहिनी, थांबा, अजून पुढे फिर…"

फोनमधून फट्‌ असा बारीक आवाज आला.

"…काय झालं?… सगळं गेलं? दिवेपण?… वास येतोय का जळका? धूर?… नाही ना? बरं. घाबरू नका. काही जळलं नाही, फ्यूज गेलाय. तो त्यासाठीच असतो, वहिनी. आपण मरतो आणि गाडी वाचवतो… क्रेनवाल्याला सांगा वीस मिनिटं आहेत अजून… काय म्हणतोय?… हसतोय? हसू दे."

धाकट्याने खिशातून फडकं काढलं आणि हात पुसले. त्याचा आवाज बदलला. कामाला लागलेल्या मिस्त्रीचा आवाज असतो तसा, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा.

"आधी सीटखालचं बटण बंद करा. केलं?… आता फ्यूज उगाच जात नाही. कुठेतरी वायर लोखंडाला टेकलीय, ती काढल्याशिवाय नवा फ्यूज घातला तर तोही जाईल. तो दुसरा मिस्त्री नेमका कुठे डोकं घालून बसला होता?… स्टेअरिंगखाली. मग खाली वाका आणि मोबाइलचा दिवा मारा… काळा जुडगा दिसतोय ना? त्यातली एखादी वायर तोडून परत जोडलेली दिसते का? पिळलेलं तांबं, त्यावर टेप नाही?… दिसतं?… आणि ते स्टेअरिंगच्या लोखंडी दांडीला टेकतंय. बघा. तपासायला तोडली आणि तशीच पिळून ठेवून गेला, टेप लावायचा कंटाळा. चावी पुढे फिरवली की त्या वायरीत करंट येतो आणि सरळ लोखंडात जातो… शिव्या मी देतो त्याला, तुम्ही टेप शोधा. कप्प्यात असेल. दादाच्या कप्प्यात टेप नाही असं होणारच नाही… मिळाली ना?… गुंडाळा, घट्ट. अजून एक वेढा. आता दांडीपासून लांब सारा… झालं? छान केलंत. आमच्या दुकानात असतात तर आम्ही दोघे घरी बसलो असतो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. हसल्या का रडल्या, त्याला कळलं नाही.

"आता फ्यूज. तुमच्या गुडघ्याजवळ झाकण आहे, ते ओढून काढा. आत रंगीत तुकडे रांगेत आहेत… आणि त्यांच्या मागून वायरी निघतात, त्या सगळ्या काळ्या. पण प्रत्येकीला दोरा बांधलेला असेल. दोऱ्याला गाठी आहेत… हो, मुद्दाम बांधल्यात. आमच्या दुकानात लाइट सारखी जायची. मग दादाने ठरवलं, वायर डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखायची. एक गाठ म्हणजे हॉर्न. दोन म्हणजे दिवे. तीन म्हणजे चावी. बोटाने चाचपा… एक… हं, पुढची… दोन… ती सोडा… तीन? नीट मोजा… तीन. तिच्या पुढचा फ्यूज ओढून काढा. निळा आहे ना?… उजेडात धरा. आतली तार तुटलीय, काळी पडलीय. बरोबर. आता झाकणाच्या आत उलटीकडे जादा फ्यूज खोचलेले असतील… नाहीत? एकही?… घेऊन गेला तो मिस्त्री. धन्य आहे."

धाकटा उठला आणि फळीवरचा डबा उगाचच खाली घेतला. तासाच्या अंतरावरून फ्यूज हातात देता येत नाही, हे काय त्याला कळत नव्हतं?

"थांबा, विचार करू द्या… काय?… कोण म्हणतंय?… क्रेनवाला. काय देतोय?… सिगरेटच्या पाकिटातली चांदी. तुटलेल्या फ्यूजला गुंडाळून बसवा म्हणतोय… नाही… वहिनी, नाही. परत द्या त्याला… हो, चालू होईल, मला माहितीय चालू होते. एका मिनिटात होते. पण हातात घेऊ नका ती चांदी… वेळ गेला तर जाऊ दे… अहो, ऐका माझं. गाडी भंगारात गेली तरी चालेल, पण ती चांदी…"

 पलीकडून प्रश्न आला असणार, कारण तो उभ्याउभ्या बाकाला धरून राहिला. सहा वर्षं हा माणूस एवढं बोलला, गिऱ्हाइकांशी, रिक्षावाल्यांशी, रेडिओशीसुद्धा, आणि एक वाक्य तेवढं गिळत आला होता.

"…कारण ती व्हॅन, वहिनी. आपल्या दुकानासमोर जळली ती. तिच्यात चांदी मी लावली होती… मी. दादाने नाही… निळे फ्यूज संपले होते. सुट्या भागांचं दुकान दहा मिनिटांवर होतं, मला जायचा कंटाळा आला. म्हटलं, आजचा दिवस चालेल, उद्या बदलू. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलं, दारातच वायर तापली आणि फ्यूज गेलाच नाही, चांदी कशी जाणार… दादाने त्या आगीत हात घातला, बॅटरीची वायर तोडायला. मी बादली घेऊन उभा होतो. नुसता उभा. आणि सगळे जमल्यावर तो म्हणाला, फ्यूज मी बघायला हवा होता, माझ्या हातून राहिलं… मी गप्प बसलो. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मी बोलेन म्हणून."

 पलीकडे क्रेनवाला कुणाशी तरी बोलत होता, तेवढं ऐकू येत होतं.

"भांडण नव्हतं झालं आमचं. लोक काहीही म्हणतात. उलट त्याने दोनदा निरोप पाठवून बोलावलं होतं… मी एकदा आलोही होतो, तुम्हाला माहीत नाही. जिन्यात होतो. आत त्याच्या हातून कप पडला. त्या हाताने त्याला कप धरता यायचा नाही ना… आणि तुम्ही म्हणालात, स्वतःच्या हलगर्जीपणाने हात घालवून बसलात, आता निदान कप तरी… आणि तो म्हणाला, हो, चुकलंच माझं… मी तिथूनच परत फिरलो. तुमची काही चूक नाही, वहिनी. तुम्हाला त्याने सांगितलं तेच तुम्ही धरून चाललात. पण तो हलगर्जी नव्हता. एवढंच… एवढं मी तो असताना यायला हवं होतं सांगायला."

"वहिनी?…

"आहात ना?…"

काही नाही. फोन चालू होता. एक श्वास येत होता, थांबून थांबून. सहा वर्षं त्या बाईने दर सांडलेल्या कपाला नवऱ्याला जे ऐकवलं होतं, ते आता परत घ्यायला समोर कुणी नव्हतं. धाकट्याला तेही कळलं, आणि त्याला वाटलं, गप्प बसलो असतो तर निदान तिचं तरी बरं झालं असतं. पण आता बोलून झालं होतं.

"मला नंतर काय म्हणायचं ते म्हणा. फोन उचलू नका, दार उघडू नका, काहीही. पण आता दहा मिनिटं आहेत… वहिनी, एका गाठीची वायर. हॉर्नची. तिच्या पुढचा फ्यूजही निळाच आहे, तेवढ्याच ताकदीचा. तो काढा आणि तीन गाठींच्या जागी घाला. दाबून बसवा, आवाज येईपर्यंत. हॉर्न वाजणार नाही, पण गाडी चालेल… ऐकताय का, मला कळत नाहीये… मग सीटखालचं बटण. मग चावी. आधी अर्धी. दिवे लागले की पुढे."

तो थांबला. फोन त्याने दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. काहीतरी घासल्याचा आवाज आला. मग प्लॅस्टिकचा बारीक टक्‌. मग सीटची स्प्रिंग वाजली, कुणीतरी दाराच्या अंगाने वाकल्यासारखी.

आणि सेल्फ फिरला. एकदा अडखळला, दुसऱ्यांदा इंजिनाने पकडलं.

"…झाली," तो म्हणाला. "वहिनी, झाली चालू. बंद नका करू. दोन मिनिटं तशीच राहू द्या, दीड महिना उभी आहे… तो इंजिनाचा पट्टा किंचाळतोय त्याच्याकडे लक्ष देऊ नका, गरम झाला की गप्प बसतो."

 दार धाडकन लागलं. क्रेनवाल्याचं काहीतरी बोलणं लांब लांब गेलं. गिअर पडला आणि गाडी हलली. फोन अजून बाजूच्या सीटवर, थोरल्याच्या जागेवर, चालूच होता.

धाकटा दुकानात उभा राहून कानानेच गाडीबरोबर चालला. फाटकाचा उंचवटा गेला. मग टिक-टिक, टिक-टिक. इंडिकेटर. गाडी रस्त्याला लागली, वळली, सरळ झाली, वेग घेतला. टिक-टिक चालूच.

"वहिनी… तो इंडिकेटर हाताने बंद करावा लागतो. आपोआप नाही होत. जगाचे इंडिकेटर नीट केले दादाने, स्वतःचा राहिला… मागच्याला वाटेल तुम्ही अजून वळताय. दांडी मधे आणा… ऐकू येतंय का?"

टिक-टिक, टिक-टिक, टिक-टिक. त्याने मोजायचं नाही ठरवलं तरी मोजलं. अकरा वेळा.

मग टिक-टिक थांबली.

"…हं," तो म्हणाला. त्याने बाकावरचा डबा हातात घेतला आणि झाकण उघडलं. "हॉर्न नाहीये, जपून चालवा. आणि वहिनी… माझ्याकडे निळे फ्यूज आहेत. डबाभर आहेत. त्या दिवसापासून कधी संपू दिले नाहीत मी. हॉर्नचा बसवायला मी येईन तुमच्याकडे. तुम्ही म्हणाल तेव्हा… किंवा दारातच देऊन जाईन, आत नाही आलो तरी… हॅलो?… वहिनी, हॅलो?"

फोन बंद झाला होता. कधी, ते त्याला कळलं नाही. डबा त्याच्या हातात तसाच होता, झाकण उघडं.